बुरुजापर्यंतची होडी

३ ऑक्टोबर, सोमवार

समुद्रातला बुरूज कोणी बांधला, आणि कशासाठी? मला माहीत नाही.

आज साहेबांनी हेच विचारलं आणि मी हेच उत्तर दिलं. बंदराच्या कचेरीत लागून जेमतेम महिना झाला, आणि पहिल्याच खऱ्या प्रश्नाला 'माहीत नाही'! साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, 'इतिहास घेऊन पदवीधर झालात ना तुम्ही?' झाले. आमच्या घरातली पहिली. तो कागद भिंतीवर लावताना बाबांनी हौसेने इतका जोर लावला की खिळा वाकला. अजून तसाच वाकडा आहे, काढू देत नाहीत.

काम असं आहे. डिसेंबरपासून धक्क्यावरून थेट बेटावर लाँच जाणार. बुरुजाशी होड्या बदलणं बंद. बुरूज दुरुस्त करून पाहुण्यांना दाखवायचा, आणि पायथ्याशी एक फलक लावायचा. त्यावरचा मजकूर मी लिहायचा. 'इतिहास आणि दंतकथा, दोन्ही,' साहेब म्हणाले. 'दंतकथा जरा सढळ हाताने. लोक उन्हात उभे राहून वाचणार आहेत.'

मी मनाशी ठरवलं आहे — पुराव्याशिवाय एक वाक्य लिहायचं नाही.

४ ऑक्टोबर, मंगळवार

लाँच आली की होड्या जाणार. म्हणून ही पद्धत इथे लिहून ठेवते. पुढे कुणाला खरी वाटायची नाही.

बेटावर जायला रस्ता नाही, पूल नाही. आमच्या किनाऱ्याच्या होड्या फक्त बुरुजापर्यंत जातात. बेटाच्या होड्या फक्त बुरुजापर्यंत येतात. पुढे कुणी जात नाही. का, ते कुणी विचारत नाही. बुरुजाच्या पायथ्याशी एकच धड पायरी उरली आहे, तीही शेवाळलेली. दोन होड्या तिला दोन बाजूंनी टेकतात. इकडचा नावाडी उतारूचं मनगट धरून त्याला पायरीवर उतरवतो. तिकडचा नावाडी त्याचं दुसरं मनगट धरतो आणि म्हणतो, 'धरलं.' इकडचा म्हणतो, 'सोडलं.' मगच हात सोडायचा. क्षणभर माणूस दोघांच्याही हातात असतो.

आमच्या बाजूला बाबांची होडी आणि काकांची. समोरून भावोजींची.

तीन वर्षं झाली. बाबा रोज भावोजींच्या हातात माणसं देतात. म्हातारी माणसं, कोंबड्यांच्या टोपल्या, दुसऱ्यांच्या लेकी. भावोजी म्हणतात, 'धरलं.' बाबा काही म्हणत नाहीत. नुसता हात सोडतात.

ताईने लग्न केलं ते समोरच्या नावाड्याशी. न सांगता. काकांच्या होडीतून गेली, काकांना वाटलं बाजाराला निघाली आहे. ती परतली नाही तेव्हा बाबा धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, 'तिचा पाय या किनाऱ्याला लागायचा नाही, आणि माझ्या घरातल्या कुणाचा त्या किनाऱ्याला.'

लागलेला नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

दंतकथा गोळा करते आहे. मागाल तितक्या मिळतात!

काकू म्हणाली, दोन भाऊ होते. समुद्र कुणाचा यावरून भांडले आणि मधोमध बुरूज उभारून हद्द घातली. जो हद्द ओलांडेल त्याची होडी परत येत नाही.

'कुणाची आली नाही, काकू?'

'कोण ओलांडतंय मरायला?'

झाला पुरावा.

कचेरीतल्या टायपिस्टबाईंची कथा निराळी. बंदराच्या सरदाराने आपल्या मुलीला बुरुजात कोंडलं, कारण तिचा जीव बेटावरच्या एकावर जडला होता. ती रोज आपली लोकरीची शाल थोडी उसवायची आणि धागा खिडकीतून पाण्यात सोडायची. ओहोटी तो बेटाला न्यायची. शाल संपली तेव्हा पलीकडे लोकरीचा भलामोठा गुंडा झाला होता, आणि गुंडाळणारा म्हातारा. सांगता सांगता बाईंचे डोळे भरून आले.

'पण हे खरं आहे का, बाई?'

'खरं नसेल तर मग मी रडते कशाला?'

याला काय उत्तर द्यायचं ते मला कॉलेजात शिकवलेलं नाही.

बाबांना विचारलं. ते वल्ह्याला तेल चोळत होते. 'बाबा, बुरूज कोणी बांधला असेल?'

'गवंड्याने,' बाबा म्हणाले.

९ ऑक्टोबर, रविवार

आमच्या गच्चीवरून बेट दिसतं, पण ताईचा धक्का नेमका बुरुजाच्या आड येतो. कपडे वाळत घालताना आई एकदा इकडे सरकते, एकदा तिकडे. जणू आज बुरूज जरासा बाजूला होईल.

आज मी चिमटे देत होते. म्हटलं, 'आई, लग्न केलं एवढ्यावरून इतका राग?'

आई चादर झटकत म्हणाली, 'लग्नाचा राग कधीच गेला. त्यांचं दुखणं वेगळं आहे. सगळ्या गावाला त्यांनी हात धरून उतरवलं. आणि स्वतःची मुलगी गेली ती भावाच्या होडीतून.'

'मग हे त्यांना सांग ना.'

'त्यांना माहीत नाही असं वाटतं का तुला?'

चादर मोठी होती. दोन टोकं दोघींनी धरली होती. पलीकडून तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि मला वाटतं तेच तिला हवं होतं.

रागावते मी कधीकधी ताईवर. एका खाटेवर निजायचो आम्ही. मला पहिली नोकरी लागली आणि सांगायला खाटेची दुसरी बाजू रिकामी. गेली ती गेली, मागे वळून तरी बघितलं असेल का?

१२ ऑक्टोबर, बुधवार

आज बुरुजात गेले.

आत जायचं म्हणजे बेटाच्या बाजूने. आमच्या बाजूचा जिना केव्हाच ढासळला आहे, नुसते दगडाचे दात उरलेत. म्हणजे भावोजींच्या हातात जायला हवं. बाबांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं, 'कचेरीचं काम आहे.' बाबा म्हणाले, 'वर काही नाही. दगडी छत आणि पाखरांची घाण. पोरवयात गेलो होतो मी.' पण नको म्हणाले नाहीत. सरकारी काम म्हणजे त्यांच्या लेखी दगडावरची रेघ.

पायरीवर बाबांनी माझं मनगट धरलं. एरवी उतारूंचं धरतात त्याहून घट्ट. भावोजी म्हणाले, 'धरलं.' बाबा समुद्राकडे बघत होते. क्षण गेला, दुसरा गेला. मागच्या म्हातारीने विचारलं, 'काय हो, मुलगी नेणार की ठेवणार?' तेव्हा सुटला हात.

भावोजी मला जिन्याच्या तोंडाशी सोडायला आले. बाबांना दिसणार नाही अशा वळणावर मी पटकन विचारलं, 'ताई कशी आहे?'

'बरी आहे. रोज माझा जीव खाते.' ते हसले. 'आज बाबांनी कुठला सदरा घातला होता. खोकत होते का. दाढी केली होती का. एकदा मी म्हटलं, लक्ष नव्हतं माझं. तर त्या दिवशी मला जेवायला वाढलं, पण बोलली नाही.'

मी जिना चढले. खरं म्हणजे मला डोळ्यांपुढे नीट काही दिसत नव्हतं.

वर एकच खोली. गोल, दगडी छताची, बाबा म्हणाले तशीच. दोन खिडक्या: एक आमच्याकडे, एक बेटाकडे. उघड्या समुद्राकडे, जिकडून शत्रू यायचे म्हणतात, तिकडे एकही नाही. आणि खोलीच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, छातीएवढी एक बुटकी भिंत. ती खोलीचे सरळ दोन भाग करते. एका भागात आमचा पडका जिना येत असणार, दुसऱ्यात बेटाचा.

तिच्या माथ्यावरून मी हात फिरवला. दगड झिजून खळगे पडले आहेत. दोन ओळींत, समोरासमोर. एक ओळ या बाजूला, एक त्या बाजूला. कसल्या खुणा, ते आधी कळेना. मग दमून मी भिंतीवर रेलले आणि माझी दोन्ही कोपरं आपोआप दोन खळग्यांत जाऊन बसली.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

काल रात्री आईला सगळं सांगितलं. आज सकाळी बाबांचा निळा सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला होता.

'मी काय कुणाच्या लग्नाला चाललोय?' बाबा म्हणाले.

'घाला मुकाट्याने,' आई म्हणाली.

१७ ऑक्टोबर, सोमवार

बंदराची जुनी छापील माहितीपुस्तकं चाळून झाली. बुरूज कोणी बांधला त्याचा पत्ता नाहीच. पण एक गोष्ट मिळाली. फार पूर्वी दोन्ही किनाऱ्यांवर साथ पसरली होती. तेव्हा हुकूम निघाला की कुठल्याही बाजूच्या होडीने बुरुजापलीकडे जायचं नाही. साथ गेली. हुकूम कधी मागे घेतला, घेतला की नाही, काही नोंद नाही. बहुतेक विसरलेच.

आणि आम्ही अजून पाळतो आहोत! शापही नाही, भांडणारे भाऊही नाहीत. एक साधा तापाचा हुकूम.

मग ती खोली? पुस्तकात तिच्याबद्दल अक्षर नाही. मला वाटतं ते असं: किनारे बंद झाले, पण माणसं कशी राहणार? इकडची आई तिकडच्या लेकीला बघायला येत असेल. ती आपल्या जिन्याने चढायची, ही आपल्या. मधे भिंत. कोपरं टेकून बोलायचं, शिवायचं नाही. दगड झिजेपर्यंत बोलली असतील माणसं.

पुरावा नाही. दोन ओळी खळगे, बस. पण टायपिस्टबाईंचा प्रश्न डोक्यातून जात नाही.

आणि आणखी एक गंमत. आज मापं घ्यायला बुरुजाशी गेले तेव्हा भावोजींकडून परस्पर कळलं (बेटावरून रोज येणाऱ्या बाजारवाल्या बाईमार्फत, बाबा पाच हातांवर असताना!) की बेटावरही कोंडलेल्या मुलीची कथा सांगतात. फक्त तिथे ती मुलगी बेटाची असते आणि मुलगा आमच्याकडचा. म्हणजे दोन्हीकडे वाटतं, कोंडलेली आपली होती. शाल उसवणारी आपली होती. पलीकडचा नुसता गुंडाळत बसला.

मीही ताईबद्दल तेच समजत होते ना?

२० ऑक्टोबर, गुरुवार

राहिलेली मापं घ्यायला गेले तर पायरीच्या बेटाकडच्या अंगाला एक नवा टायर बांधलेला दिसला. होडी दगडावर आदळू नये म्हणून. गाठ बघितली आणि ओळखली. शेवटी दोर दोनदा आत घेऊन चापलेला. अशी गाठ बाबांशिवाय कुणी मारत नाही.

संध्याकाळी म्हटलं, 'बाबा, तिकडच्या बाजूला टायर तुम्ही बांधलात?'

'आदळत होती.'

'त्यांची होडी.'

'होडी होडी असते,' बाबा म्हणाले आणि उठून हातपाय धुवायला गेले.

२३ ऑक्टोबर, रविवार

आईला म्हटलं, 'चल, तुला बुरुजात नेते. ताई तिकडून येईल. तू कुणाच्या किनाऱ्यावर पाय ठेवणार नाहीस.'

आई भाजी चिरत होती. सुरी थांबली. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, आत्ता चप्पल घालेल.

मग सुरी पुन्हा चालू झाली. 'यांच्यापाठीमागे नाही,' ती म्हणाली. 'पाठीमागून एकदा झालंय या घरात. दुसऱ्यांदा नको. आधी ते भेटू देत.'

'आणि ते नाही भेटले तर?'

'तर मी निळे सदरे इस्त्री करीन.'

२६ ऑक्टोबर, बुधवार

फलकाचा मजकूर दिला.

'हा बुरूज कोणी बांधला ते माहीत नाही. साथीच्या काळात दोन्ही किनाऱ्यांच्या होड्या इथून माघारी फिरत. तेव्हापासून उतारू इथे होड्या बदलत आले. वरच्या खोलीत मधोमध एक बुटकी भिंत आहे. तिच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना कोपरांच्या मापाचे खळगे आहेत.'

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. 'हे काय? राजकन्या कुठे आहे?'

'खाली दोन कथा दिल्या आहेत साहेब, "असं सांगतात" म्हणून. दोन्ही किनाऱ्यांच्या.'

'आणि सुरुवातच "माहीत नाही"?'

'माहीत नाही, साहेब.'

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग सही केली. म्हणाले, 'पण त्या भिंतीचं वाक्य काढा. ती भिंत राहत नाही. पाहुण्यांना फिरायला जागा हवी. सात तारखेला गवंडी येताहेत, तेव्हापासून बुरूज बंद.'

मी वाद घातला. बराच घातला. साहेब चिडले नाहीत, तेच वाईट. 'तुम्ही अजून नव्या आहात,' म्हणाले.

२९ ऑक्टोबर, शनिवार

आज सरळ विचारलं. आडून विचारायला मला जमतच नाही. बाबा होडीतलं पाणी उपसत होते.

'बाबा, ताईला बुरुजात भेटाल का?'

डबा पाण्यात बुडाला, वर आला, रिकामा झाला. 'मी एकदा बोललोय.'

'तुम्ही किनाऱ्याबद्दल बोललात. बुरूज कुठल्याच किनाऱ्याचा नाही.'

'इतिहास शिकलीस की वकिली?'

'बाबा, लाँच सुरू झाली की होड्या बंद. मग भावोजीसुद्धा दिसायचे नाहीत तुम्हाला. तुम्ही आज काय घातलं होतं हेही ताईला कुणी सांगणार नाही.'

डबा थांबला. मला वाटलं नव्हतं मी हे बोलेन.

'ती विचारते?'

'रोज.'

बाबांनी स्वतःच्या अंगाकडे बघितलं. निळा सदरा. बाही पाण्याने भिजलेली. मग पुन्हा उपसायला लागले. होडीत उपसण्यासारखं पाणी उरलं नव्हतं, तरी डबा तळाला खरवडत होता. शेवटी म्हणाले, 'चारचौघांत बोललेला शब्द आहे. गिळायचा म्हटलं तर घशात अडकतो, पोरी. तू लहान आहेस.'

सगळ्यांच्याच लेखी मी लहान किंवा नवी आहे.

१ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांनी आज स्वतःहून दाढी केली. कामाच्या दिवशी! आई माझ्याकडे बघत होती, मी आईकडे.

२ नोव्हेंबर, बुधवार

त्यांना जायचं आहे. फक्त 'जातो' म्हणता येत नाही. कुणीतरी पाठवायला हवं.

सरकारी काम असलं तर?

३ नोव्हेंबर, गुरुवार

मी आजवर बाबांशी खोटं बोलले नाही. परीक्षेत नापास झाले होते तेसुद्धा दारातूनच सांगितलं होतं. आणि कचेरीत मी टेबलावर हात मारून सांगते की पुराव्याशिवाय वाक्य नको.

बाजारवाल्या बाईंकडे ताईसाठी निरोप दिला.

५ नोव्हेंबर, शनिवार

हे होडीत बसून लिहिते आहे. बुरुजाच्या पायरीशी. दोर माझ्या हातात आहे, समोरचा भावोजींच्या. ताई सकाळपासून वर बसली आहे.

बाबांना सांगितलं, 'वरच्या खोलीतली लाकडी तुळई कुजली आहे का, ते तुम्ही बघून सांगावं असं साहेबांचं म्हणणं आहे. तुमच्याइतकं लाकूड कुणाला कळत नाही.'

बाबा माझ्याकडे बघत राहिले. 'वर तुळई नाही,' ते म्हणाले. 'दगडी छत आहे.'

मी दोर ओढून होडी पायरीला टेकवली.

त्यांनी सदऱ्याची बटणं चाचपली, गळ्यापर्यंत लावली. मग हात पुढे केला, उतारू करतो तसा. मी त्यांचं मनगट धरून पायरीवर उतरवलं. भावोजींनी दुसरं धरलं. ते म्हणाले, 'धरलं.'

मी म्हटलं, 'सोडलं.'